व्हॉल्व्हचा रेडिओ घूं करतो, आवाज फाटतो: व्हॉल्व्ह बदलण्याआधी काय तपासायचं

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी १९६० च्या सुमारास घेतलेला लाकडी पेटीचा रेडिओ माळ्यावर पडून होता. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, पण हा उंचावर होता म्हणून वाचला. मागचा पुठ्ठा काढल्यावर आत ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० असे पाच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या) आणि ईएम८० हा केंद्र नीट लागलंय का ते दाखवणारा हिरवा डोळा दिसला. ओळखीच्या वायरमननं लावून बघितला. डायलचे दिवे लागले, मिनिटभरात मोठा घूं आवाज सुरू झाला, त्याच्या मागं आकाशवाणीचं सांगली केंद्र बारीक आणि फाटलेलं ऐकू आलं, आणि दहा मिनिटांत डांबरासारखा वास यायला लागला म्हणून बंद केला. आता सगळे व्हॉल्व्ह बदला असं काहीजण सांगतायत. ऑनलाइन व्हॉल्व्हचा पूर्ण संच मिळतोय. घ्यावा का?

घेऊ नका. आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत रेडिओची पिन प्लगात घालू नका.

तुमच्या रेडिओनं त्या दहा मिनिटांत पुष्कळ सांगितलंय. सांगली ऐकू आली, म्हणजे एरियलपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता सलग आहे. ऑसिलेटर (केंद्र निवडायला लागणारी लहर रेडिओतच तयार करणारा भाग) चालतोय, दोन्ही आयएफटी (केंद्राचा सिग्नल ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आयएफवर, पुढं नेणाऱ्या कॉइल) शाबूत आहेत, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तुटलेली नाही, स्पीकरची कॉइल जिवंत आहे, पाचही व्हॉल्व्हची फिलामेंट पेटतायत. इतक्या वर्षांनी माळ्यावरून उतरलेल्या संचाकडून याहून जास्त अपेक्षा नसते. बिघाड आहे तो कंडेन्सरमध्ये, आणि तोही मुख्यतः दोन ठिकाणी. घूं आवाज पॉवर सप्लायच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आहे. फाटलेला आवाज आणि डांबराचा वास, हे ईएल८४ या स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आवाज आत घेणाऱ्या जाळीवर) बसलेल्या एका छोट्या कागदी कंडेन्सरचं काम आहे. तो सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणाराही तोच, म्हणून आधी त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उलटी केली की ईएल८४ च्या सॉकेटजवळ तपकिरी किंवा काळ्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी एक नळी दिसेल. तिच्यावर ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरड असा आकडा असतो, एका टोकाला काळं कडं असतं, आणि दोन्ही टोकं मेणानं नाहीतर डांबरानं बंद केलेली असतात. आत कागद आणि धातूच्या वर्खाची गुंडाळी असते. या कंडेन्सरची एक बाजू ईबीसी८१ या आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आवाज बाहेर पडतो त्या टोकावर) असते, तिथं साधारण ९० व्होल्ट डीसी असतात. दुसरी बाजू ईएल८४ च्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, आणि तिथं डीसी शून्य असायला पाहिजे. गाण्याचा आवाज पलीकडं जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. कागदानं कोल्हापूरच्या पावसाळ्यातली ओल वर्षानुवर्षं ओढून घेतली की तो डीसी झिरपू द्यायला लागतो.

किती झिरपलं की घात होतो ते बघा. समजा कंडेन्सरचा रोध २० मेगोहमपर्यंत उतरला आणि ग्रिडपासून चॅसीपर्यंतचा रेझिस्टन्स ६८० किलोओहमचा आहे. ९० व्होल्टची वाटणी होऊन ग्रिडवर जवळपास ३ व्होल्ट चढतात. ईएल८४ च्या बाबतीत ३ व्होल्ट म्हणजे फार झाले. २५० व्होल्टवर आणि १३५ ओहमच्या कॅथोड रेझिस्टन्सवर हा व्हॉल्व्ह प्लेटमधून ४८ आणि स्क्रीनमधून साडेपाच मिलिअँपिअर घेतो, कॅथोडवर ७.३ व्होल्ट येतात. ग्रिडवर ३ व्होल्ट चढले की कॅथोड ९ च्या वर जातो, करंट ६५-७० मिलिअँपिअर होतो, आणि प्लेटची १२ वॉटची मर्यादा ओलांडली जाते. बाकीच्या व्हॉल्व्हचे २०-२५ मिलिअँपिअर त्यात मिळवा, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या ईझेड८० ची ९० मिलिअँपिअरची मर्यादाही गेली. करंट वाढला की आधीच सुकलेले मोठे कंडेन्सर आणखी कमी पडतात आणि घूं वाढतो. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारा उच्च डीसी दाब, खाली बसते, म्हणून केंद्र बारीक ऐकू येतं. जास्त करंटनं आवाज फाटतो, भाग तापतात आणि डांबराचा वास सुटतो. तुमची सगळी लक्षणं याच साखळीतली आहेत. असाच तासभर चालू ठेवला असता तर ईएल८४, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ईझेड८० यांतलं काहीतरी नक्की गेलं असतं. अशा संचात नवा ईएल८४ घातला तर पहिले चार दिवस आवाज जरा बरा वाटतो, आणि मग नवाही जुन्याच्या वाटेनं जातो.

इथं बरेच हौशी लोक फसतात, कारण कंडेन्सर मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासला जातो. मीटरच्या आत एक छोटी बॅटरी असते, ती एक-दोन व्होल्टच लावते. तेवढ्यावर २० मेगोहमची गळती दिसत नाही, मीटर "ओपन" दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. शिवाय कागदाची गळती व्होल्टेज चढेल तशी वाढते. खरी परीक्षा अशी: ग्रिडकडचं टोक सोडवायचं, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या मोकळ्या टोकाला आणि चॅसीला लावायचा, आणि रेडिओ थोडा वेळ चालू करायचा. बहुतेक डिजिटल मीटरांचा स्वतःचा रोध १० मेगोहम असतो. चांगला कंडेन्सर असेल तर सुरुवातीला उडी मारून आकडा शून्याजवळ येऊन थांबतो. वरच्या उदाहरणातला २० मेगोहमचा कंडेन्सर तिथं चक्क ३० व्होल्ट दाखवेल. तुमच्या बाबतीत मात्र ही परीक्षा घेत बसू नका. डांबराचा वास आलाय, तो कंडेन्सर थेट बदला.

आता सुरक्षेचं. हे मी दरवेळी सांगतो आणि पुन्हा सांगेन. या पेटीत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते काही काळ राहतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स घ्या, त्याला इन्सुलेशन असलेल्या दोन वायरी आणि क्लिपा लावा, आणि पिन काढल्यावर एचटी आणि चॅसीमध्ये काही सेकंद धरा. मग मीटरनं शून्य झालंय का बघा आणि त्यानंतरच हात घाला. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी काढून डिस्चार्ज करायची सवय असेल तर ती सोडा. चालू संचात मोजताना मीटरची काळी क्लिप चॅसीला आधीच अडकवून ठेवा, एक हात मागं घ्या, पायात रबरी चप्पल असू द्या, जमीन ओली नको. घरी कुणीतरी असताना काम करा.

तुमच्या संचात ई अक्षरानं सुरू होणारे व्हॉल्व्ह आणि ईझेड८० आहे, म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे आणि चॅसी मेन्सपासून वेगळी आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या संचात यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ असे व्हॉल्व्ह असतील तर थांबा. तो एसी-डीसी संच आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची एक वायर सरळ चॅसीला जोडलेली असते, आणि पिन उलटी बसली की पूर्ण चॅसी २३० व्होल्टवर असते. नॉब निघाला असेल तर त्याची दांडीसुद्धा. असा संच १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संच मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघड्यावर चालू करायचा नाही.

कामाला लागताना आधी सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढा. व्हॉल्व्हवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसली जातात, म्हणून कुठला कुठं होता ते आधी कागदावर लिहा. डायलच्या काचेची आतली बाजू अजिबात पुसू नका. केंद्रांची नावं त्याच बाजूला छापलेली असतात आणि पाण्याच्या एका हातानं निघून जातात. धूळ मऊ ब्रशनं झाडा. माळ्यावरच्या संचात उंदरानं घर केलेलं असणं नेहमीचंच, त्याच्या मुतानं चॅसी गंजते आणि वायरींचं आवरण कुरतडलेलं असतं. स्पीकरच्या मागं कुंभारमाशीचं मातीचं घरटंही सापडतं. मेन्सची वायर कापडी आवरणाची असेल तर वरून चांगली दिसली तरी आतलं रबर भुगा झालेलं असतं. ती बदला आणि फेज वायरवर फ्यूज घाला.

व्होल्टेज सिलेक्टर बघा. मागं ११० पासून २४० पर्यंतचे आकडे असतात. त्या काळी तो २२० वर ठेवलेला असू शकतो. आज आपल्याकडं रात्री उशिरा मीटरवर २४० च्या वर दिसतात, म्हणून सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा. फिलामेंटला ६.३ व्होल्टच मिळाले पाहिजेत, जास्त मिळाले तर व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

पिन न लावता मीटरनं एवढं मोजून घ्या. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर काही दहा ओहम येतील. ईझेड८० च्या एक आणि सात नंबरच्या पिना ट्रान्सफॉर्मरच्या एचटीच्या दोन टोकांना असतात. त्या प्रत्येकीपासून चॅसीपर्यंत एक-दोनशे किंवा थोडे जास्त ओहम, आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसल्या पाहिजेत. ईएल८४ च्या सात नंबरपासून एचटीपर्यंत तीन-चारशे ओहम म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठीक. एचटीपासून चॅसीपर्यंत आकडा हळूहळू चढत काही दहा किलोओहमच्या वर गेला पाहिजे, शंभर-दोनशे ओहमवर अडकला तर शॉर्ट आहे. ईएल८४ च्या तीन नंबरच्या पिनपासून चॅसीपर्यंत कॅथोड रेझिस्टन्स मोजा आणि आकडा लिहून ठेवा, तो पुढं लागणार आहे.

मग कंडेन्सर. मोठा ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तो जागेवरच राहू द्या. दिसायला शोभतो. पण त्याच्या पॉझिटिव्ह टॅगवरच्या वायरी सोडवा आणि त्या चॅसीखाली नव्या ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टच्या दोन कंडेन्सरना जोडा. जुन्याला समांतर नवा लावायचा नाही, कारण जुन्याची गळती तशीच राहते. आणि मोठं म्हणजे चांगलं असं समजून पहिल्या जागेवर १०० किंवा २२० घालू नका. ईझेड८० साठी ५० मायक्रोफॅरड ही वरची मर्यादा आहे, त्याच्या पुढं चालू होतानाचा झटका त्याचं कॅथोड खातो. ईझेड८० काढून सिलिकॉन डायोड घालायचा सल्लाही काही लोक देतात. त्यानं बाकीचे व्हॉल्व्ह गरम व्हायच्या आधीच पूर्ण एचटी येते आणि तीही जास्त. मी तसं कधीच करत नाही.

कागदी कंडेन्सर सगळे बदला, तपासत बसू नका. ०.१ च्या जागी १०४ लिहिलेला, ०.०५ च्या जागी ४७३, ०.०२ ला २२३, ०.०१ ला १०३ असे फिल्म कंडेन्सर ६३० व्होल्टचे घ्या. दोन जागा मात्र वेगळ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर किंवा ईएल८४ च्या प्लेटपासून चॅसीला ०.००५ च्या आसपासचा कंडेन्सर असतो. तिथं आवाजाच्या झटक्यात व्होल्टेज फार वर जातं, तो किमान १००० व्होल्टचा, मिळाला तर १६०० चा घ्या. मेन्सच्या दोन वायरींमधल्या कंडेन्सरच्या जागी एक्स२ वर्गाचा, आणि मेन्सपासून चॅसीला असेल तर वाय वर्गाचाच. तिथं साधा कंडेन्सर घातला आणि तो शॉर्ट झाला तर चॅसीवर करंट येईल. चपटे मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा उत्तम असतात, त्यांना हात लावू नका. एका वेळी एकच काढा आणि तिथंच नवा बसवा. सगळे काढून मग बसवायला गेलात तर फोटोसुद्धा कामाला येत नाहीत. जुन्या सोल्डरचा ढीग गरम करून टॅग तोडण्यापेक्षा पाय कापा आणि नव्या पायाचा छोटा वेढा घालून सोल्डर करा.

रेझिस्टन्स मोजताना एक टोक सोडवा. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयानुसार वाढतात, २२० किलोओहमचा ३०० दाखवतो. वीस टक्क्यांपेक्षा जास्त सरकला असेल तर बदला. ईएल८४ चा कॅथोड रेझिस्टन्स जास्त करंटनं भाजलेला असू शकतो, आणि त्याच्या शेजारचा २५ व्होल्टचा छोटा इलेक्ट्रोलिटिकही बदला.

सुट्या भागांसाठी कोल्हापूरच्या बाहेर जायची गरज पडू नये. फिल्म आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुट्या भागांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात. १६०० व्होल्टचा किंवा एक्स२ अडला तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. सगळे कंडेन्सर मिळूनसुद्धा व्हॉल्व्हच्या त्या संचापेक्षा पुष्कळ कमी पैसे जातात.

पहिल्यांदा चालू करायचा तो सिरीज बल्बवर. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा तारेचा बल्ब रेडिओच्या फेजमध्ये सिरीजला घ्या, एलईडी चालत नाही. आधी ईझेड८० काढून लावा. आता एचटी नाही, फक्त ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंट. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. अर्धा तास तसाच ठेवा, पिन काढा, ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर आत वेटोळी शॉर्ट आहेत. या एका तपासणीनं बाकीची मेहनत फुकट जायची वाचते. मग ईझेड८० बसवा आणि पुन्हा बल्बवर. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर बंद करा आणि एचटीवरचा शॉर्ट शोधा. मंद राहिला तर १०० वॉटच्या बल्बवर थोडा वेळ, आणि मग सरळ मेन्सवर. डिमरस्टॅट (मेन्सचं व्होल्टेज हळूहळू चढवायचं यंत्र) असेल तर आणखी चांगलं.

आता लगेच ईएल८४ च्या तीन नंबरवर मीटर लावा आणि व्होल्टेजचा आकडाही लिहून ठेवा. मोजलेलं व्होल्टेज भागिले मघाशी लिहून ठेवलेला रेझिस्टन्स, म्हणजे व्हॉल्व्हचा एकूण करंट. १३५ ओहमवर ७ व्होल्ट म्हणजे सुमारे ५२ मिलिअँपिअर, छान. काही संचांत रेझिस्टन्स १८० किंवा त्याहून मोठा असतो, तिथं करंट कमीच असतो, तेही ठीक. मग दोन नंबरच्या पिनवर मोजा. तिथं शून्याच्या वर अर्धा व्होल्टसुद्धा चालत नाही. नवा कंडेन्सर घालूनही पाच-दहा मिनिटांनी तिथं व्होल्टेज चढायला लागलं तर मात्र व्हॉल्व्हच्या आत दोष आहे आणि ईएल८४ बदलायची वेळ खरंच आलीय. सुदैवानं हा व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी आजही नवा बनतो. ईसीएच८१, ईएफ८९ हे जुन्या साठ्यातून घ्यावे लागतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले आपल्याकडं अजून निघतात आणि ते टिकाऊ आहेत. घेताना काचेच्या टोकाची आतली चकाकी बघा. आरशासारखी असेल तर निर्वात शाबूत आहे, दुधासारखी पांढरी झाली असेल तर हवा शिरलीय आणि व्हॉल्व्ह गेला.

बाकीचे आकडे असे अपेक्षित आहेत. ईझेड८० च्या तीन नंबरवर २६० ते २८०, फिल्टरनंतर २३० ते २५०, ईबीसी८१ च्या प्लेटवर ८० ते १००, ईएफ८९ च्या स्क्रीनवर शंभरच्या आत-बाहेर. दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं झाले तर काळजी नको.

घूं आवाज कंडेन्सर बदलूनही राहिला तर व्हॉल्यूम फिरवून बघा. व्हॉल्यूम शून्य करूनही तेवढाच राहत असेल तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा ईएल८४ कडं. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतोय, बहुतेक वेळा शील्ड वायरची जाळी चॅसीपासून सुटलेली असते. आणि फक्त केंद्र लागल्यावरच घूं येत असेल, दोन केंद्रांच्या मध्ये येत नसेल, तर मेन्सवरचा छोटा कंडेन्सर बघा.

आवाज स्वच्छ आला पण केंद्रं कमी लागतात असं झालं तर मागून पुढं चला. मोबाइलचा हेडफोनचा आवाज ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टच्या कंडेन्सरमधून व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला द्या. हे फक्त ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचात, आणि मोबाइल चार्जरला लावलेला नसताना. गाणं खणखणीत वाजलं तर ईबीसी८१ पासून स्पीकरपर्यंत सगळं चोख आहे. मग ऑसिलेटर. ईसीएच८१ च्या नऊ नंबरच्या पिनवर मीटरच्या टोकाला १ मेगोहम लावून मोजा, उणे ६ ते उणे १० व्होल्ट दिसले तर ऑसिलेटर जोमात आहे. मीटर न लावताही हे कळतं. रेडिओ पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर लावला की त्याचा ऑसिलेटर आयएफ मिळवून १२४७ वर चालतो. शेजारी छोटा ट्रान्झिस्टर सांगलीच्या १२५१ वर लावून ठेवा. सांगली चालू असेल तर तिच्यावर ४ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी येईल, आणि व्हॉल्व्हच्या रेडिओचा काटा किंचित हलवला की शिट्टी जाड-बारीक होईल. एका घरात दोन रेडिओ असले की ऐकणारे वैतागायचे ते यामुळंच. आयएफ बहुतेक संचांत ४५५ असते, युरोपीय घडणीच्या काही संचांत ४५२ किंवा ४७०, तेवढा फरक धरा.

आयएफटीच्या वरच्या भोकातले स्क्रू मात्र फिरवू नका. हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते कारखान्यात बसवून मेणानं बंद केलेले असतात, आणि सांगली लागतेय म्हणजे ते फार सरकलेले नाहीत. आतला फेराइट कोअर चिकटलेला असतो, जोर लावला तर त्याची खाच फुटते आणि मग आयएफटीच गेला. सिग्नल जनरेटर हाताशी असेल आणि आवाज खरोखर क्षीण असेल तरच ४५५ देऊन कोअर जुळवा. डायलवरची केंद्रं सरकलेली असतील तर खालच्या टोकाला, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, ऑसिलेटर कॉइलचा कोअर आणि वरच्या टोकाला, १४०० च्या आसपास, ट्रिमर (स्क्रूनं फिरवायचा छोटा कंडेन्सर), असं आलटून पालटून दोन-तीनदा करायचं. धारवाडचं ७६५ आणि सांगलीचं १२५१ खुणेला उपयोगी पडतात.

खरखर असेल तर बँड स्विच आणि व्हॉल्यूममध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दहा-वीस वेळा फिरवा. गँगच्या (केंद्र लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्या एका जागी घासत असतील तर पातळ कागद सरकवून साफ करा, पात्या वाकवू नका. हिरवा डोळा मंद झाला असेल तर त्यावर उपाय नाही, पण उजेड आहे आणि केंद्रावर तो मिटत नाही असं असेल तर त्याच्या सॉकेटमध्ये दडलेला मेगोहमच्या घरातला रेझिस्टन्स मोजा, तो हमखास वाढलेला असतो.

पुरात बुडालेल्या संचांबद्दलही अनेकजण विचारतात, म्हणून इथंच सांगतो. गाळ सुकायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा. दोन्ही ट्रान्सफॉर्मर सोडवून कित्येक दिवस उन्हात वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वायंडिंग ते कोअर तपासल्याशिवाय मेन्स देऊ नका. पॉवर ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा वाचतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार गंजून तुटते. ती तुटलेली असताना रेडिओ चालू ठेवला तर प्लेटला व्होल्टेज नाही आणि सगळा भार स्क्रीनवर, स्क्रीन लाल होऊन ईएल८४ जातो. उद्यमनगरात छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत. त्यांना सांगताना प्रायमरी ५२०० ओहमची, स्पीकर ५ ओहमचा असेल तर वेढ्यांचं प्रमाण साधारण ३२ ला १, आणि कोअरच्या पट्ट्या एकाआड एक न घालता एका बाजूनं घालून मध्ये कागदाची फट ठेवायची, हे आवर्जून सांगा. ही फट ठेवली नाही तर डीसीनं कोअर भरून जातो आणि आवाजातला खर्ज जातो. नुसतं तपासायला २३० ते ६ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर आणि ४ ओहमचा स्पीकर काही मिनिटं चालतो.

दुरुस्ती झाल्यावर घरात खरखरच जास्त येते अशी तक्रार हमखास येते. तो दोष रेडिओचा नसतो. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट मध्यम लहरींवर पसरतो. एकेक बंद करून बघा, चोर सापडतो. पूर्वी छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, ती अजून घरात असेल तर टाकू नका. नसेल तर गच्चीवर दहा मीटर साधी वायर वायरिंगपासून लांब ताणा, पावसाळ्यात वीज कडाडत असताना ती सोडवून ठेवा. कुठली केंद्रं आज लागतात ते आधी साध्या ट्रान्झिस्टरवर बघून घ्या, म्हणजे बंद पडलेल्या प्रक्षेपणासाठी तुम्ही रेडिओला दोष देणार नाही.

रोज लावला तर चालेल का, असं शेवटी विचारलंय. तास-दोन तास खुशाल लावा. पावसाळ्यात तर आठवड्यातून एकदा तरी लावाच, आतल्या उष्णतेनं ओल निघून जाते. पेटीच्या मागं भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा आणि वरच्या क्रोशाच्या रुमालानं मागची हवेची भोकं झाकली जात नाहीत ना ते बघा. महिन्याभरानं एकदा चॅसी बाहेर काढून ईएल८४ च्या तीन आणि दोन नंबरच्या पिना पुन्हा मोजा. कॅथोडचा आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळला आणि ग्रिडवर शून्य असेल, तर मागचा पुठ्ठा स्क्रूनं बसवून टाका.